पेन्सिलीची टकटक: प्राकृतासाठी पुण्यात दहा दिवस

पुण्याला जाऊन अपमान न होता परत आलेला आमच्या वाशीमचा पहिला माणूस, असा माझा लौकिक होता होता राहिला.

आमच्याकडे पुण्याहून आलेला प्रत्येक जण एक तरी अपमान सोबत आणतो आणि बाकरवडीबरोबर घरोघर वाटतो. कुणाला दुकानदाराने झापलेलं असतं, कुणाला रिक्षावाल्याने. मीही तयारीनिशी गेलो होतो. एकतीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे लाउडस्पीकरवरून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचं, आणि ऊन जास्त पडलं तरी प्रवाशांनी मलाच बोलायचं. त्यामुळे कातडी तयार होती. ज्याची तयारी नव्हती ते म्हणजे सौजन्य.

तर गोष्ट अशी. गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि एम.ए.ला नाव घातलं, बाहेरून, प्राकृत विषय घेऊन. प्राकृत म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचे साधे लोक बोलायचे ती भाषा. पंडित संस्कृतात भांडायचे तेव्हा गाडीवान, वाणी आणि बायाबापड्या हिच्यात भांडायच्या. विसाव्या वर्षी, बी.ए. झाल्यावर, कॉलेजात मी हीच भाषा घेतली होती. अडीच महिन्यांत वडील गेले आणि मी मिळेल त्या नोकरीला चिकटलो. पुढे सहा महिने हजेरीत माझं नाव पुकारत होते, असं मित्राने सांगितलं होतं. ते मला अजून लागतं.

दुसऱ्या वर्षाला साठ पानांचा प्रबंध लिहावा लागतो आणि त्यासाठी मार्गदर्शकाची सही लागते. पुण्याच्या ज्या जुन्या संस्थेत माझं नाव आहे तिथे प्राकृताचे मार्गदर्शक एकच उरलेत, पंचाहत्तरीचे नेने सर. दहा दिवसांचा सक्तीचा वर्ग करायचा, सरांची सही घ्यायची आणि महिनाअखेरीच्या आत अर्ज भरायचा. सही नाही तर दुसरं वर्ष नाही. बायको, सुमन, निघताना म्हणाली, "सही घेऊनच या जी. नाही त मंग लोकायले काय सांगू, की हे पुण्याले हवा खाले गेलते?" अर्ज खिशात ठेवून निघालो.

रविवार, कर्वेनगर

पुतण्या प्रशांत कर्वेनगरात तीन मित्रांबरोबर सहाव्या मजल्यावर राहतो. फाटकावरच्या वॉचमनने माझ्या मोबाइलवर एक नंबर पाठवला आणि तो सांगा म्हणाला. मी म्हटलं, "असा नंबर कोणाले सांगायचा नसते, बँकवाले सांगतात." तो म्हणाला, "मग बँकेत जाऊन राहा."

मन भरून आलं. शहरात पाय ठेवून अर्धा तास झाला नव्हता आणि खातं उघडलं होतं.

प्रशांत हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. कर्वेनगरातून हडपसरला पोचायला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आमची गाडी वाशीमहून अकोल्याला जाऊन चहा पिते. रविवारी घरी होता म्हणून भेटला. "काका, पण याला स्कोप काय? डेड लँग्वेज ना ती?" मी म्हटलं, मलाही आता कितीसा स्कोप आहे, आमचं जमेल. "चिल, काका," तो म्हणाला आणि डबा उघडून दिला.

डब्यातल्या वरणात गूळ होता. वांग्यात गूळ होता. कोशिंबिरीत साखर होती. मी वऱ्हाडातला माणूस, ठेच्याशिवाय घास खाली उतरत नाही. या शहरात बोलण्यातून वाचवलेला सगळा गूळ स्वयंपाकात टाकतात, असा माझा अंदाज आहे.

सोमवार ते शनिवार, संस्थेत

पहिल्या दिवशी कार्यालयातल्या बाईंना विचारलं, वर्ग कुठे आहे. त्यांनी मान वर न करता भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, दिसला नाही. त्या म्हणाल्या, "प्राकृत ना? मग देवनागरी येत असेल."

बाहेर टपरीवर चहा ताजा आहे का विचारलं, तर "नाही, तुमच्यासाठी पेशवाईतला राखून ठेवलाय" असं उत्तर आलं. चहा मात्र खरंच ताजा होता. एक सांगतो, आमच्याकडे पत्ता विचारला तर माणूस चपला घालून घरापर्यंत सोडायला येतो, वाटेत आपली सोयरीक काढतो आणि चुकीच्या घरी नेऊन सोडतो. पुण्यात चार शब्दांत सांगतात, तोंड वाकडं करून सांगतात, पण घर बरोबर निघतं.

वर्ग म्हणजे एक लांब टेबल आणि चार खुर्च्या. विद्यार्थी दोन. मी आणि झीनत शेख नावाची पंचविशीतली मुलगी. तिच्या वडिलांचं भवानी पेठेत पुस्तकं बांधायचं दुकान. ती सकाळी हडपसरला एका ऑफिसात काम करायची आणि दुपारी तीनला इथे हजर व्हायची. "पणजोबांपासून इथलेच आहोत," ती म्हणाली, "त्यामुळे कुणी तिरकस बोललं तर ते आमच्या घरचं वळण समजा."

नेने सर तीनला एक मिनिट असताना आले. बारीक अंगाचे, पांढरा सदरा, हातात पुस्तक आणि एक आखूड झालेली पेन्सिल. त्यांच्याकडे शिकायची रीत जुनी आहे. सर स्वतः व्याख्यान देत नाहीत. विद्यार्थ्याने एक ओळ मोठ्याने वाचायची आणि ती लावायची, म्हणजे शब्दाला शब्द जोडत अर्थ सिद्ध करून दाखवायचा. याला ते 'पंक्ती लावणं' म्हणतात. चुकलं की सर पेन्सिलीने टेबलावर टक् करतात. टक् झालं की थांबायचं आणि चूक स्वतः शोधायची.

पुस्तक होतं एका व्यापारी तांड्याच्या प्रवासाचं. बैलगाड्या, वाळवंट, चोर, असा सगळा मालमसाला. झीनतने पहिली ओळ वाचायला घेतली.

टक्.

"कुठून आणलात हा अर्थ?"

"कोशातून, सर."

"कोशात शंभर अर्थ असतात. सगळेच घेणार? बाजार आहे का?"

टक्. टक्. एका ओळीला पोरीला पाऊण तास लागला. सहा वेळा थांबवली, दोनदा ओरडले, एकदा "आजीला विचारून या, तिला कळेल" म्हणाले. मला तिची दया आली. मग माझी पाळी.

आता एक कबुली. जायच्या आधी मी प्रशांतकरवी अप्पा बळवंत चौकातून एक गाइड मागवून घेतलं होतं. त्यात या पुस्तकाचं ओळीनुसार मराठी भाषांतर होतं आणि ते मी वाशीमला असतानाच पाठ केलं होतं. एकतीस वर्षं मी कागदावरचं लाउडस्पीकरवर वाचलेलं आहे. तेव्हा मी खाकरलो आणि तांड्याच्या सगळ्या गाड्या त्याच आवाजात, थांबे घेत, पुढे काढल्या. एक ओळ, दोन ओळी, पाच ओळी. पेन्सिल हलली नाही.

"वा," सर म्हणाले. "छान. आपला आवाजही छान आहे. पुढे."

लक्षात घ्या, नेने सर मला 'आपण' म्हणाले. पुण्यात, पंचाहत्तर वर्षांचा पंडित, वाशीमच्या कंट्रोलरला. मी प्रशांतला संध्याकाळी सांगितलं की पुण्याची लोकं उगाच बदनाम आहेत, गुण असला की कदर होते. प्रशांत "सॉलिड, काका" म्हणाला. त्याच्या कानात वायर होती.

हाच क्रम चार दिवस चालला. झीनतची ओळ, टकटक, उद्धार. मग माझी पंधरा ओळींची सुसाट गाडी आणि "वा, पुढे". मी तर वर्गानंतर तिला धीर द्यायला लागलो. म्हटलं, "पोरी, मनावर घेऊ नको. तुलेबी जमन." ती माझ्याकडे बघून "हो, काका" म्हणाली. त्या दोन शब्दांत काय काय होतं ते मला रविवारी कळलं.

शुक्रवारी तर कळसच झाला. वर्ग संपल्यावर सर स्वतःच म्हणाले, "आपला तो अर्ज असेल ना? द्या, सही करून टाकतो. आपल्याला लांब जायचंय." मी अर्ज दिला. त्यावर मी प्रबंधाचा विषय लिहिला होता: 'प्राकृत भाषा आणि महाराष्ट्राची लोकसंस्कृती: एक व्यापक अभ्यास'. सरांनी तो वाचला नाही. खाली रिकामी जागा पाहिली, सही केली, आणि दोन्ही हातांनी अर्ज परत दिला. मी सुमनला फोन लावला. "झाली का?" "झाली." "पाच दिसांतच?" "पाच दिवसांत." मागे सोसायटीच्या भोंग्यावरून कुणीतरी पार्किंगबद्दल ओरडत होतं आणि मला तो सत्काराचा ढोल वाटत होता.

रविवार, भवानी पेठ

झीनतने रविवारी जेवायला बोलावलं. मला पुस्तकही बांधून घ्यायचं होतं, कारण माझी प्रत म्हणजे झेरॉक्सचे सुटे कागद होते. दुकान खाली आणि घर वर. तिचे वडील अन्वरभाई खळीचं भांडं पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी माझे कागद हातात घेतले, ठोकून सारखे केले आणि विचारलं, "वाचायचंय की ठेवायचंय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"वाचायचं असेल तर शिवतो. दोऱ्याने. कितीदा उघडा, पान सुटत नाही. ठेवायचं असेल तर पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवतो, वर सोनेरी नाव टाकतो. कपाटात झकास दिसतं."

मी जरा थाटात म्हटलं, "दोन्ही."

अन्वरभाई हसले. "दोन्ही म्हणणारे ठेवतातच," ते म्हणाले आणि त्यांनी खळीत ब्रश बुडवला.

जेवण मात्र असं होतं की आठवड्याभराचा गूळ धुऊन निघाला. खिमा, गरम पाव, कांदा, वर लिंबू, आणि झीनतच्या आईने माझ्यासाठी मुद्दाम कुटलेला ठेचा. वऱ्हाडातला माणूस म्हटल्यावर एवढं तरी करायला हवं, त्या म्हणाल्या. पाणी पीत पीत मी सरांची स्तुती सुरू केली. कसे भले आहेत, कसं मला एकदाही थांबवलं नाही, सही कशी मागून घेऊन दिली.

झीनतने पाव खाली ठेवला. "काका, एक सांगू? राग येणार नाही ना?"

"नाही बा."

"काल शनिवारच्या वर्गात तुम्ही एक ओळ सोडलीत."

"कोणती ओळ?"

"विहिरीजवळची. ती अख्खी ओळ तुम्ही वाचलीच नाहीत. त्याच्या आधीची वाचलीत आणि एकदम पुढची. सर बघत होते. मी पण बघत होते. मला वाटलं, आता टक् होईल." ती थांबली. "ते म्हणाले, वा, पुढे."

मी खाली जाऊन पिशवीतून गाइड काढलं. ती ओळ त्यात नव्हती. छापणाऱ्याने गाळली होती आणि मी गाइडच्या मागोमाग गेलो होतो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कधी एक थांबा चुकवला नाही, आणि इथे एक गाव सोडून गाडी पुढे काढली होती. आणि सरांनी मला ते सांगण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

"दरवर्षी कोणी ना कोणी येतात," मागोमाग खाली आलेली झीनत हळू आवाजात म्हणाली. "रिटायर झालेले. हौस असते. सर त्यांना 'आपण' म्हणतात आणि सही देऊन टाकतात. ते खूश होऊन जातात. ज्याला शिकवायचंय त्यालाच सर थांबवतात."

मी अन्वरभाईंच्या टेबलावर माझं पुस्तक पाहिलं. खळ वाळत होती. पाठीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव आलं होतं आणि ते खरोखरच कपाटात झकास दिसलं असतं.

मला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांपूर्वी मी वर्गात नव्हतो तेव्हा माझं नाव पुकारत होते. आता मी वर्गात होतो आणि कुणी माझी चूकही काढत नव्हतं.

सोमवार, मंगळवार: अपमान मिळवण्याचे प्रयत्न

मी ठरवलं, आपला अपमान झालाच पाहिजे. त्यासाठी पुण्यासारखं दुसरं शहर नाही.

सोमवारी मी मुद्दाम चुकलो. ओळीत बैल होते, मी उंट म्हटलं. सर म्हणाले, "असंही असेल काही पोथ्यांत." मी उंटांचे हत्ती केले. "वा, पुढे." शेजारी झीनतने हसू आवरण्यासाठी पुस्तक तोंडासमोर धरलं, आणि तिला त्याबद्दल टक् मिळालं. माझ्या हत्तीला नाही, तिच्या हसण्याला.

मंगळवारी भांडण काढलं. म्हटलं, "सर, तुम्ही काल सांगतलं ते मले पटत नाही." असं वाक्य मी आमच्या डेपो मॅनेजरला बोललो असतो तर माझी बदली झाली असती. सरांनी चष्मा पुसला. "आपण म्हणता तेही बरोबर असेल," ते म्हणाले.

एवढा गोड अपमान माझा आयुष्यात झालेला नाही. टपरीवाल्याकडे गेलो, त्याने नेहमीप्रमाणे "आज काय चौकशी?" म्हणून झापलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

बुधवार, कात्रज

बुधवारी सकाळी मी गाइड प्रशांतच्या फ्रिजवर ठेवून निघालो आणि बसस्टॉपवर त्या सोडलेल्या ओळीपाशी पुस्तक उघडून उभा राहिलो. बस आली, चढलो, बसलो, वाचत राहिलो. काहीतरी पाणी होतं, काहीतरी मागे राहणं होतं, आणि मधला एक शब्द कुठेच बसत नव्हता. मान वर केली तेव्हा बस रिकामी होती आणि कंडक्टर म्हणत होता, "आजोबा, कात्रज. उतरा आता, बस पण दमलीय."

एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. पाटी न वाचता बसलो आणि भलत्याच टोकाला उतरलो. ही गोष्ट वाशीमला कुणाला सांगू नये अशी प्रशांतला विनंती केली होती. आता मीच छापतोय.

परत फिरायची शुद्ध नव्हती. प्राणिसंग्रहालय एरवी बुधवारी बंद असतं, पण सुट्ट्यांमुळे उघडं होतं, तिकीट काढून आत गेलो आणि झाडाखालचा एक बाक धरला. कोश काढला. लोक वाघाकडे जात होते, सापांकडे जात होते, मी ओळीकडे बघत होतो. तासाभराने एक रखवालदार आला. "बाबा, साप तिकडं हायत. हितं काय न्हाय." मी म्हटलं, इथेच आहे माझा साप. त्याने पुस्तकात डोकावून पाहिलं. "लई वळवळतंय," तो म्हणाला, आणि कुणी या बाकावर बसू नये म्हणून दुपारभर दोन कुटुंबांना हाकललं. या प्रवासात माझ्यासाठी कोणी केलेलं ते सर्वात मोठं काम.

तीन वाजून गेले. वर्ग बुडाला. चारच्या सुमाराला ओळ अशी दिसायला लागली: पाणी आणायला गेलेला मागे राहिला, आणि तांडा निघून गेला.

मी पुस्तक मिटलं. असा माणूस मी हजार वेळा पाहिलाय. गाडी सुटते, आणि नळावरून बाटली घेऊन एक जण धावत येतो, ओली बाटली, ओले हात, आणि फलाटावर धूळ. दरवेळी तो आधी गाडीकडे बघतो आणि मग माझ्या खिडकीकडे. मी दरवेळी लाउडस्पीकरवर पुढच्या गाडीचं नाव घेतलंय. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच्यासाठी एक ओळ लिहून ठेवली होती, आणि तीच मी सोडली होती.

गुरुवार, शेवटचा दिवस

वाशीमची गाडी साडेसहाची होती. सामान घेऊनच वर्गात गेलो. सर म्हणाले, "काल आपण नव्हतात."

"कात्रजला गेलो होतो, सर."

"अरे वा. फिरून घ्या, पुन्हा कधी येणं होतंय." आणि झीनतकडे वळले.

मी म्हटलं, "सर, परवाच्या शनिवारी मी एक ओळ सोडली होती. ती आज लावतो."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाच दिवसांनी आठवलं?"

हात जोडायचेच बाकी होते. पहिला! अस्सल, कोरडा, खास माझ्यासाठी. "गाइडात नव्हती, सर. मी गाइड वाचत होतो. आता गाइड फ्रिजवर आहे."

"बरी जागा आहे. तिथे टिकेल." त्यांनी पेन्सिल उचलली. "वाचा."

मी वाचलं. लाउडस्पीकरचा आवाज आलाच नाही, साधा आवाज आला, मध्ये दोनदा फाटला. "एक जण स्वतःसाठी पाणी आणायला गेला..."

टक्.

काय सांगू, काय वाटलं.

"स्वतःसाठी? कुठे आहे स्वतःसाठी?"

शोधलं. नव्हतं. "ओळीत नाही, सर."

"मग कोणाच्या विहिरीतून काढलंत? पुन्हा."

टक्. टक्. पंधरा मिनिटांनी टक्, मग तीन मिनिटांनी टक्. "तुम्ही वाचता की हाका मारता?" टक्. "तुम्ही कोश उघडता तेव्हा डोळे बंद करता का?" मध्येच केव्हातरी माझ्या लक्षात आलं की ते 'तुम्ही' म्हणताहेत. खळीने चिकटवलेली पानं एव्हाना सुटायला लागली होती, दोन टेबलाखाली गेली, झीनत वाकून उचलून देत होती.

शेवटी सरांनी विचारलं, "तो मागे राहिला हे तांड्याला कधी कळलं?"

ओळीत ते नव्हतं. पण पुढच्या ओळीत गाडीतल्या एका गाठोड्याचा उल्लेख होता, आणि तो तिथे का आहे हे गाइडालाही सांगता आलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, पाण्याले जाणारा माणूस सीटवर बॅग ठेवून जाते. जागा राहावी म्हणून. गाडी हालली की बाजूचा माणूस बॅगेकडे पाहते, तवाच कळते की हा राहिला. ते गाठोडं त्याचं आहे. मी रोज पाहिलं हे."

मी टक् ची वाट पाहिली. सरांनी पेन्सिल उलटी धरली, सुलटी धरली आणि स्वतःच्या पुस्तकाच्या समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "पुढे. एवढं खूश व्हायचं कारण नाही."

सहा वाजून गेले होते. सर उठले नाहीत. "तो अर्ज दाखवा," ते म्हणाले.

मी खिशातून काढला. आता पहिल्यांदाच त्यांनी विषय वाचला. वाचताना त्यांचं तोंड कडू होत गेलं.

"व्यापक अभ्यास. लोकसंस्कृती. साठ पानांत." टक्. "तुमच्या स्टँडवर अशी पाटी असते का हो? 'महाराष्ट्राकडे जाणारी व्यापक गाडी'? कोण बसेल तिच्यात?"

"कोणी नाही, सर."

"मग मी का बसू?" त्यांनी पेन्सिल ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच्या सहीवर एक सरळ रेघ मारली. "एक विषय आणा. एवढासा. विहिरीएवढा. पटला तर सही. नाही पटला तर परत पाठवीन."

"महिनाअखेर मुदत आहे, सर."

"ते मला माहीत आहे. मला कॅलेंडर वाचता येतं. तुमचं काय ते बघा."

गाडी गेली. स्टँडवर पोचलो तेव्हा फलाट रिकामा होता. मी पिशवीवर बसलो आणि मोठ्याने हसलो, शेजारच्या बाईने आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भवानी पेठेत जाऊन अन्वरभाईंसमोर सुटी पानं ठेवली. त्यांनी पुठ्ठा सोलून बाजूला टाकला, सोनेरी नावासकट, आणि सुईत दोरा ओवला.

वाशीम

सुमनने अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला, उन्हात धरून पाहिला. "गेले तवा सही नवती," ती म्हणाली. "मंधात झाली म्हणून फोन केला. आता आले त त्याच्यावर रेघ! तुम्ही तिकडं केलं काय जी, धा दिवस?"

"शिकलो."

"आन् हासता काहून?"

तिला सांगायचा प्रयत्न केला. तिने भाकरी थापता थापता सगळं ऐकलं, मधेच "त्या पोरीले एकडाव घेऊन या इकडं" म्हणाली. रेघेचं मात्र तिला पटलं नाही. गल्लीत तिने सांगितलंय की पुण्याची शाई कच्ची असते.

मी विषय पाठवला: तांड्याच्या कथेतली मागे राहिलेली माणसं. आठवड्याने परत आला, पेन्सिलीच्या सात खुणांसकट. खाली लिहिलं होतं, "माणसं किती? मोजलीत का?" मोजली. अकरा निघाली. त्यांची यादी जोडून पुन्हा पाठवला. पुन्हा आला, खुणा चार. "विहिरीचा माणूस यादीत नाही. परत सोडलात?"

खरंच सोडला होता.

मुदतीला सहा दिवस आहेत. तिसरा अर्ज समोर आहे आणि यादीत मी त्याला सगळ्यात वर घेतलाय. त्याचं नाव कथेत कुठेच दिलेलं नाही, म्हणून तिथे मी लिहिलंय: पाणी आणायला गेलेला. आता ही ओळ सरांच्या टेबलावर पोचेल तेव्हा पेन्सिल वाजेल की पेन उघडेल, मला माहीत नाही. कान मात्र दोन्ही आवाजांकडे लागलेत, आणि खरं सांगायचं तर पहिल्याकडे जरा जास्तच.